दोमितिला मान खाली घालत नाही

आमच्या सिनेमात नायिका दोमितिला हरते. नायक फाउस्तोच्या शेवटच्या कवनावर ती मान खाली घालते आणि मुकाट त्याच्या घोड्यावर बसते. प्रचारासाठी आम्ही गावोगाव फिरत होतो. पडदा उजळण्याआधी दोघांचा तोच सवाल-जवाब रंगमंचावर व्हायचा, आणि तिथेही तिनंच हरायचं, असा निर्माते रोबलेस यांचा हुकूम होता.

मागे वाजवायला माझं मारियाची पथक, व्हायोलिन-गिटारवाल्यांचं. मला या प्रकाराची चीड यायची. आमच्या हालिस्को प्रांतात नियम सरळ आहे: कवनाला उत्तर येईनासं झालं की वाद्यं थांबतात, त्याआधी नाही. आणि दोमितिलाला गप्प करणारा गडी अजून जन्माला यायचा होता.

मग तेपातित्लान आलं, तिचं गाव. आई, मावश्या, सगळा बाजार थिएटरात लोटला होता.

"उस्ताद, आज आईसमोर मी मान खाली घालणार नाही," ती मला म्हणाली.

रोबलेसनं ऐकलं. "मग पुढच्या सिनेमात नायिका दुसरी. एवढी वर्षं घासलीस, सगळं मातीत घालशील."

ती सरळ रंगमंचावर गेली. फाउस्तोनं मिशीला पीळ देत सूर लावला:

"शंभर घोड्या वश केल्या मी, एक लगाम धरून,
तूही येशील दारी माझ्या, मान खाली करून!"

इथं तिनं लाजून मान खाली घालायची होती. ती कमरेवर हात ठेवून पुढे आली:

"दाखवू नको ऐट गड्या, घोडी सांगते हसून,
'रोज पडतो धनी माझा, मीच आणते उचलून!'"

लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पडद्यावर त्याच्याऐवजी घोडेस्वारी दुसराच कोणी करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विंगेतून रोबलेस 'थांबवा, थांबवा' अशा खुणा करत होता. माझी पोरं माझ्याकडे बघायला लागली. पैसे देणारा तोच, पण मी त्याच्याकडे पाठ केली आणि व्हायोलिनवर गज आणखी जोरात ओढला.

फाउस्तोनं तोंड उघडलं, मिटलं. दुसऱ्यानं लिहून दिलेली कवनं संपली होती. आम्ही थांबलो, आणि एक म्हातारी ओरडली, "शाब्बास गं माझी वाघीण!"

आम्ही विंगेत आलो तर रोबलेस लालबुंद. "संपलं तुझं! आता जत्रेत गा!"

"तिथूनच आलेय, साहेब. वाट पाठ आहे." बाहेर लोक तिच्या नावाचा घोष करत होते. ती वळून पुन्हा रंगमंचावर गेली.

पगार गेला चुलीत म्हणत आम्हीही तिच्या मागे गेलो.