लाल विहिरीचं तीर्थ

हिंगणमळ्याच्या विहिरीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. निमोण्याकडून, भीमेपल्याड दौंडच्या बाजूनंसुद्धा माणसं आली होती. काठावर तीर्थनाथ महाराज बसले होते. पुढ्यात काचेची बरणी, बरणीत विहिरीचं तांबडं पाणी. गावाच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला, तेव्हापासून, म्हणजे १९९६ पासून, विहिरीला असंच पाणी येत होतं.

“भीमामाई रुसली हाय,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “कंपनीचा दोष न्हाई. मळ तुमच्या मनात हाय. तो आमी काढतो.”

त्यांनी बरणीत चमचाभर विभूती टाकली. टाळ्या, नामघोष, उदाचा धूर. बघता बघता तांबडा रंग फिकटला, पिवळसर झाला आणि पाणी नितळ दिसू लागलं. बाया पाया पडायला वाकल्या.

सरपंच हौसरावांनी लगेच माईक धरला. “झालं ना समाधान? उद्या ग्रामसभेत तक्रार मागं घेऊ. कंपनीला वाढीव प्लांटसाठी ना-हरकत देऊ. चाळीस पोरं पर्मनंट व्हत्यात.”

गर्दीच्या कडेला उपकेंद्रातली नर्स चांगुणा उभी होती. निम्म्या गावाच्या अंगावरचे चट्टे तिनं पाहिले होते. तक्रारही तिनंच लिहून दिली होती. एवढा ऊद कशाला, हे तिला कळेना. ती पुढे सरकली, तेव्हा उदाखालून एक उग्र वास नाकात शिरला. तो तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

ती तडक ग्रामपंचायतीत गेली. विहिरीत टाकायच्या टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं निम्मं रिकामं होतं.

“सरपंचांनी परवा डबाभर नेली, सिस्टर,” म्हातारा शिपाई कोंडिबा म्हणाला. “पूजेला लागती म्हनं.”

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ नवनाथ घरी आला. त्या चाळिसांत तोही होता.

“अक्का, उद्या गप ऱ्हा. दोन वर्सं ठेकेदाराकडं राबतोय मी.”

“कंपनी जावी असं मी कुठं म्हणते? घाण पाणी साफ करून सोडावं.”

“त्याला लई खर्च येतो म्हनत्यात.”

“म्हणून तो आपल्या कातडीनं भरायचा?”

नवनाथ उठून ओसरीवर जाऊन बसला. जेवलाही नाही.

ग्रामसभेत महाराज सरपंचांच्या शेजारी बसले होते, पुढ्यात कालचीच नितळ पाण्याची बरणी. चांगुणानं टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात शाई ओतली आणि सगळ्यांना दाखवून मूठभर मीठ ढवळलं. मग पुडीतली पांढरी पावडर टाकली. थोड्या वेळात निळा रंग नाहीसा झाला.

“ही टीसीएल. महाराजांची विभूतीही हीच.”

“शाईची आन् तीर्थाची बरोबरी करती व्हय?” महाराज हसले. “त्याला सिद्धी लागती.”

“कोंडिबा आबा, खरं ते सांगा.”

कोंडिबानं सरपंचांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. “डबा मीच भरून दिला,” तो म्हणाला.

सभेत चुळबुळ झाली. चांगुणानं ग्लास उचलला. “रंग गेला. मीठ गेलं का? पिऊ नका, नुसतं बोट बुडवून जिभेला लावा.”

कुणी हललं नाही. शेवटी नवनाथ उठला. त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि बहिणीकडे न बघता म्हणाला, “खारट हाय.”

“पावडर रंग घालवते, कंपनीचं रसायन नाही,” चांगुणा म्हणाली. “आणि शंका असेल, तर कालची बरणी इथंच आहे. महाराजांनी पेलाभर घ्यावं.”

महाराजांना तेवढ्यात आपला उपवास आठवला.

“पोरांच्या पोटावर पाय देताय, सिस्टर,” हौसराव म्हणाले.

“पोरं इथलंच पाणी पितात, सरपंच.”

थोड्या हातांच्या फरकानं ठराव झाला: पाण्याची तपासणी होऊन कंपनी सांडपाणी साफ करून सोडेपर्यंत ना-हरकत नाही.

पुढच्याच आठवड्यात ठेकेदारानं नवनाथला कमी केलं. तो कोरेगाव भीमाला दुसरं काम शोधू लागला. महिन्यानं पुण्याहून अहवाल आला: पाणी पिण्याला अयोग्य. गावात टँकर सुरू झाला आणि कंपनीनं शुद्धीकरणाच्या टाकीसाठी खड्डा खणायला घेतला.

टँकरपाशी हंडा भरताना गिताबाईनं विचारलं, “सिस्टर, आता हिरीचं पानी बरं झालं, हे आमी वळखायचं कसं?”

“तपासून,” चांगुणा म्हणाली. “महाराज म्हणाले म्हणून नाही, सरपंच म्हणाले म्हणून नाही. मी म्हणाले म्हणूनसुद्धा नाही.”