अहो, म्हणा

या, असे पुढे सरका. मागे पंख्याखाली बसलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. आज एका बटणाची कथा सांगतो.

दिल्लीत, आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये पद्मजाबाई सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या नातीकडून, इशिताकडून, पायथन शिकत होत्या. हा त्यांचा पहिलाच प्रोग्राम: छोटीशी खिडकी, तीत कीर्तनातल्या गजराचं नाव भरून ठेवलेली चौकट आणि खाली बटण. बटणावर लिहिलं होतं, 'अहो, म्हणा'. ते दाबलं की राजाभाऊंचा जुन्या टेपवरचा आवाज लागायला हवा.

पूर्वरंग संपला की बुवांना हार-बुक्का होईतो मंडळात गजर धरायचे ते पद्मजाबाईंचे यजमान, राजाभाऊ. ते गेल्यापासून तेवढा वेळ नुसती पेटी वाजे. आज संध्याकाळी त्यांच्या स्मरणाचं कीर्तन होतं, आणि गजर त्यांनीच म्हणावा, एवढीच बाईंची इच्छा.

पण खिडकी उघडली रे उघडली की आवाज आपोआप सुरू होई. मग बटण कितीही दाबा, ढिम्म.

"यार आजी, आजोबा तर बुवा उभे राहायच्या आधीच सुरू!"

"तसेच होते ते. मदर डेअरीच्या दुधाच्या रांगेतसुद्धा गायचे. कुणी 'म्हणा' म्हणायची वाट पाहिलीय कधी?" बाई बोलल्या खऱ्या, पण चेहरा उतरला होता. "संध्याकाळी असं झालं तर हसं होईल गं त्यांचं."

इशिताने ओळी चाळल्या. आवाज लावायच्या कामाला तिनेच गमतीने 'राजाभाऊ' नाव दिलं होतं. बटणाची ओळ मात्र आजीची.

"अच्छा! इथे नावापुढे कंस कशाला लावलेस? कंस लावले की प्रोग्राम त्यांना तिथल्या तिथे बोलावतो. बटणासाठी काही उरतच नाही. नुसतं नाव ठेव, मग दाबेपर्यंत थांबतील."

"नुसतं?" बाई संकोचल्या. "अगं, एवढ्या संसारात उखाण्याशिवाय त्यांचं नाव घेतलं नाही मी. ते तसं उघडंबोडकं बरं दिसेना, म्हणून लावले कंस."

"उखाणा म्हणजे ते लग्नातलं ना? चलो, घे मग!"

बाई लाजल्या, पदर सावरला.

"दिल्लीच्या थंडीत शाल घेतली मऊ,
गजर धरायला उभे राहतात राजाभाऊ."

आणि म्हणता म्हणता दोन्ही कंस पुसून टाकले.

संध्याकाळी लक्ष्मीबाई नगरच्या हॉलमध्ये खिडकी उघडली, आणि राजाभाऊ गप्प राहिले. पूर्वरंग झाला. बुवांच्या गळ्यात हार पडला, तेव्हा बाईंनी बटण दाबलं. टेपच्या खरखरीतून तो ओळखीचा, जरा चढाच सूर उठला. पेटीवाले विश्वनाथराव पट्टी शोधेपर्यंत अख्ख्या हॉलने टाळी धरली होती.

दुसऱ्या दिवशी घरच्या कॉम्प्युटरवर इशिताला ते कंस पुन्हा दिसले.

"आजी, हे परत?"

"मंडळातले थांबू देत गं. घरातले कधी थांबले नाहीत."

तर मंडळी, कीर्तनात कुणी तुमच्या कपाळी बुक्का लावायला आलं, की राजाभाऊंची आठवण काढा. आणि गजर मोठ्याने म्हणा. पुटपुटलेला त्यांना खपत नसे.