डिकीतली पक्की फळी

आमच्या ह्यांना काम पक्कं करायची खोड आहे. धंदा सुतारकीचा, त्यातही कपाटं आणि दिवाण. ह्यांच्या कपाटात तुम्हाला स्क्रू दिसायचा नाही. स्क्रू खोल आवळतात, वर भोकात त्याच लाकडाची गुटी, म्हणजे बारीक खुंटी, ठोकतात, घासतात, पॉलिश मारतात. स्क्रू दिसला तर ह्यांना कपड्यांविना रस्त्यावर उभं राहिल्यासारखं होतं. गिऱ्हाइकांनी कौतुक करकरून डोक्यावर चढवून ठेवलंय. खाली उतरवायला मी एकटी.

तर आमची लेक, माऊ. लहानपणच्या दुखण्यात पायांतलं बळ गेलं. बॅटरीवर चालणारी खुर्ची आहे तिची, चांगलं धूड आहे ते. गाडीच्या डिकीत मुळात जो तळ होता तो नुसता जाड पुठ्ठा. खुर्चीच्या वजनाने आधी खोलगट झाला आणि एक दिवस मोडलाच. खुर्ची कलंडून काचेवर आदळली. काच वाचली, मला मात्र घोर लागला, कारण माऊची परीक्षा तोंडावर होती. कोर्टात लेखनिकाच्या जागा निघाल्या होत्या. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. दहाला फाटक बंद, मग कुणी कितीही गयावया करो.

"असा तळ करतो की हत्ती बसला पाहिजे," हे म्हणाले.

"हत्ती नकोय, खुर्ची बसू दे," मी म्हटलं.

ऐकतात कुठले! जाड प्लाय आणला, खाली सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा केला, तो गाडीच्या पत्र्याला आवळला. फळी अशी तासून बसवली की कडेला नख जाईना. सरस, स्क्रू, गुट्या, वर गालिचा चिकटवला. मी विचारलं, "उचलायला एखादी खाच ठेवायची ना?" तर म्हणे, "उचलायचंय कशाला? खाच ठेवली की तिथे कमजोरी आली." मग स्वतः डिकीत चढून उड्या मारून दाखवल्या. माऊ हसत होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

परीक्षेच्या दिवशी चांगला वेळ हाताशी ठेवून निघालो. खुर्ची डिकीत ऐटीत उभी. हे आरशातून तिच्याकडेच बघत गाडी चालवत होते. पूल ओलांडला की परीक्षेची इमारत. पुलाच्या अलीकडे फाडकन आवाज झाला आणि गाडी एका बाजूला ओढली गेली. खाली उतरून बघितलं, मागच्या टायरच्या चिंध्या झालेल्या.

"काही नाही, स्टेपनी लावू," मी म्हटलं. "पटकन काढा."

हे डिकी उघडून नुसते उभे राहिले. हाक मारली तरी हलेनात.

"अहो!"

"खाली आहे," हे म्हणाले.

"मग काढा की!"

"फळीच्या खाली आहे. जॅकपण. पानापण."

अवजारांची पेटी घरी, कारण खुर्ची ठेवल्यावर जागा उरत नाही. आम्ही दोघांनी मिळून खुर्ची खाली उतरवली, माऊला तिच्यात बसवलं, आणि हे फळीला भिडले. नखांनी ओढलं, किल्लीने खरवडलं, पट्ट्याच्या बकलाने गालिचा फाडला. खाली गुळगुळीत लाकूड. एक स्क्रू दिसेल तर शपथ.

"कुठे मारलेत तेवढं तरी आठवतंय का?"

"आठवतंय. पण गुट्या सरसात बसवल्यात."

"धन्य आहे तुमची!"

मी येणाऱ्या टॅक्सीला हात केला. टॅक्सीवाल्याने खुर्ची बघितली आणि मान हलवून निघून गेला. दुसरा थांबलासुद्धा नाही. "तशीच दामटा गाडी," मी ओरडले. हे म्हणाले, "पुलाच्या चढावर आवरायची नाही, ट्रकखाली जाऊ." रस्त्याच्या पलीकडे खोदकाम करणारी माणसं होती, त्यांच्याकडून हे पहार मागून आले. घातली कडेला आणि सगळा भार टाकला. फळी हूं की चूं करेना. पत्रा वाकला, पण फळी नाही. ह्यांच्या तळहातातून रक्त यायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, ह्यांचं काम मोडू दे रे!

"बाबा, किती वाजले?" माऊने विचारलं.

ह्यांनी पुन्हा पहारेवर भार टाकला. मी घड्याळ बघितलं, दहाला थोडीच मिनिटं उरली होती.

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठे जातेस? पुलावरून? ट्रक दिसत नाहीत का तुला?" हे पहार टाकून तिच्या वाटेत आले. आजवर तिला आम्ही गल्लीच्या तोंडापलीकडे एकटीला सोडलं नव्हतं. मी नसेन तर हे, हे नसतील तर मी.

"बाबा, बाजूला व्हा."

"फळी निघेल आता, माऊ. दोन मिनिटं."

"नाही निघायची. तुम्ही केलीये ती."

हे बाजूला झाले. खुर्चीची मोटर गुरगुरली आणि ती निघाली, कडेकडेने, ताठ मानेने. मी भानावर येऊन मागे धावले. चपला निसटत होत्या, हातात धरल्या. चढावर मला धाप लागली. एक भलामोठा ट्रक मधे आला आणि माऊ दिसेनाशी झाली. कठड्याला धरून मी बोंब मारली, कुणाला ऐकू जाणार!

पलीकडे पोचले तेव्हा फाटक बंद झालं होतं. मी दोन्ही हातांनी ते बडवलं. पहारेकरी वैतागून खिडकीत आला.

"बॅटरीच्या खुर्चीवरची मुलगी..."

"ती होय? गेली आत. सगळ्यांत शेवटची."

मी तिथेच फतकल मारून बसले आणि हमसून हमसून रडले. पहारेकऱ्याने पाणी दिलं.

पुष्कळ वेळाने हे आले, गाडी घेऊन. हाताला फडकं गुंडाळलेलं, अंगभर भुसा, मागे डिकीत फळीच्या नुसत्या ढलप्या; खोदणाऱ्यांकडून कुऱ्हाड मिळाली म्हणे. काचेतून माझं रडकं तोंड बघितलं आणि ह्यांचा चेहरा पडला.

"पोचली," मी घाईने म्हटलं. "वेळेत पोचली."

हे खाली उतरले, माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

"पूल कसा चढली गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी मागेच राहिले होते."