गाम्पलच्या चौकातली न सुटणारी बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. एवढे साधे वाक्यसुद्धा हल्ली मला रोज स्वतःला बजावून सांगावे लागते. माझ्या लाल अंगावर आता पांढऱ्या ढोबळ अक्षरांत ‘श्नाप्स बार’ असे रंगवले आहे. माझी चाके काढून नेली आहेत आणि मला लाकडी ओंडक्यांवर टेकवून ठेवले आहे. पाठीमागच्या लांब सीटच्या जागी बाटल्यांची फळी ठोकली आहे. रोज संध्याकाळी माझ्या पोटात माणसे दाटीवाटीने उभी राहून पितात, माझ्या दांड्यांना लोंबकळून गातात आणि माझा हॉर्न वाजवून खिदळतात. त्यांतल्या एकालाही मी कुठेही नेत नाही. बसच्या जन्माला येऊन यापरता अपमान कोणता?

माझा जन्म लिंझजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला डोंगरासाठीच घडवले. बर्फात रुतून न बसणारी चाके दिली, त्यांना बांधायला साखळ्या दिल्या. बाहेरच्या अंगाला स्की उभ्या करायला लोखंडी कप्पा दिला. स्कीच्या बुटांवरचा बर्फ वितळून चिखल होऊ नये म्हणून माझ्या जमिनीला खाचा पाडल्या. मग मला टिरोलच्या डोंगरात आणून संध्याकाळची फेरी दिली. खाली विस्लाउ, वर गाम्पल, आणि मध्ये वळणावळणाचा घाट.

ही दोन गावे शेजारी. म्हणजे एकमेकांना पाण्यात पाहणारी. बर्फ तोच, बिअर तीच, पावाचे उकडलेले गोळे, म्हणजे क्नोडल, तेही तेवढेच गोल. तरी विस्लाउवाले म्हणायचे की गाम्पलमध्ये नमस्काराचेही बिल लावतात. गाम्पलवाले म्हणायचे की विस्लाउत दुपारीच सूर्य डोंगराआड जातो, म्हणून तिथली माणसे अशी आंबट. दिवसा मात्र पाहुणे या वादाकडे ढुंकूनही पाहत नसत. तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरमाथ्यावर जायचे आणि वाटेल त्या गावात घसरत उतरायचे.

चार वाजता पाळणे थांबतात, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण उताराच्या पायथ्याशी मद्यगृहे आहेत आणि तिथे ‘फक्त एकच’ म्हणून थांबायची इथली जुनी खोड आहे. एकाचे तीन होतात. अकॉर्डियन सुरू होते, बुटांसकट माणसे टेबलावर चढून नाचू लागतात, आणि बाहेर शेवटचा पाळणा निघून जातो. माणूस एका गावात, त्याचे अंथरूण दुसऱ्या गावात. पाहुण्यांचे सोडा, त्यांना स्की शिकवणारे इथलेच मास्तर दर आठवड्याला असे अडकायचे. अशा सगळ्यांची सोय म्हणजे मी.

माझा चालक सेराफिन गाप. एकावर एक दोन स्वेटर घालणारा आणि गाडीत असताना सफरचंदाच्या रसापलीकडे काही न पिणारा माणूस. दोन्ही गावांत ‘पोस्ट’ नावाचे एकेक हॉटेल आहे आणि पिऊन आलेले पाहुणे हमखास चुकीच्या ‘पोस्ट’मध्ये जाऊन दुसऱ्याच्या पलंगावर झोपत. म्हणून कोणी उतरायला लागला की सेराफिन म्हणे, आधी किल्ली दाखव. किल्लीच्या लाकडी बिल्ल्यावर गावाचे नाव नीट वाचून मगच तो दार उघडायचा. कोणाचे पोट ढवळतेय हे त्याला चेहऱ्यावरून कळे, आणि त्याला तो दाराजवळची जागा देई.

खरे सांगू का मित्रांनो, या नाचऱ्यांपेक्षा मला शेवटच्या फेरीचे प्रवासी अधिक आवडत. ते गाम्पलच्या स्वयंपाकघरांतून विस्लाउला परतणारे आचारी, भांडी घासणारे आणि वाढपी. त्यांच्यात रेझी नावाची एक तरुण बाई असायची. गाम्पलच्या सर्वांत मोठ्या हॉटेलात ती वाढायचे काम करी, आणि विस्लाउत तिची लहान मुलगी शेजारणीकडे तिची वाट पाहत असे. रेझी माझ्यात शिरली की बूट काढून गरम हवेच्या जाळीवर पाय ठेवायची आणि डोळे मिटायची. दुसऱ्यांच्या मौजेसाठी दिवसभर राबलेले ते पाय होते. त्यांना घरी पोचवताना मला माझ्या चाकांचा अभिमान वाटे.

आमच्या घाटात एक दगड आहे. त्याच्यावर समुद्रसपाटीपासून हजार मीटर अशी खूण कोरली आहे. डोंगरातली रीत अशी, की हजार मीटरच्या वर सगळे सारखे. तिथे कोणी साहेब नाही, कोणी डॉक्टर नाही, अहो-जाहो बंद. दगड आला की सेराफिन मोठ्याने म्हणे, “हजार मीटर.” लगेच बँकेचा व्यवस्थापक भांडी घासणाऱ्याला म्हणे, सरक रे जरा, आणि भांडी घासणारा त्याला म्हणे, तूच सरक. उतरताना दगड गेला की पुन्हा जो तो आपापल्या पायरीवर. मला ही रीत फार आवडायची.

आता माझी ही दशा करणाऱ्या माणसाचे नाव घेते. लेओनहार्ड चुग. गाम्पलचा सरपंच आणि रेझी काम करते त्या हॉटेलाचा मालक. हा मूळचा विस्लाउचा, गाई पाळणाऱ्या घरातला. तेव्हा सगळे त्याला हार्टल म्हणत. दर शनिवारी तो माझ्यात बसून गाम्पलला नाचायला यायचा. हॉटेलमालकाची मुलगी त्याला माझ्याच तिसऱ्या सीटवर भेटली. मी नसते तर हा गडी अजून विस्लाउत शेण काढत बसला असता. पण गरज सरो नि वैद्य मरो.

सरपंच झाल्यावर त्याने सभेत मुद्दा काढला की आपले पाहुणे आपणच गाडी देऊन शेजारच्या गावात नाचायला का पाठवावेत? ते इथे राहिले तर इथेच खातील, इथेच पितील. खाली विस्लाउच्या सभेतही नेमके हेच बोलणे निघाले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या त्या दोन गावांचे आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झाले, आणि ती गोष्ट म्हणजे मला बंद करणे.

शेवटच्या फेरीला चुग फोटो काढून घ्यायला माझ्यात बसला होता. गाम्पलहून उतरताना, दगड यायच्या आधी, सेराफिन आरशात बघून म्हणाला, “हार्टल, अजून हजारच्या वर आहोत म्हणून बोलतो. पाहुण्यांचं काही अडायचं नाही, ते टॅक्सी करतील. या रेझीनं काय करायचं?”

चुग म्हणाला, “तिची सोय बघू. तू समोर बघून गाडी चालव.”

सोय काय झाली? हॉटेलच्या तळघरात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, एकावर एक खाटा टाकल्या. टॅक्सी रोज कोणाला परवडणार? त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस रेझी तिथे झोपते आणि तिची मुलगी शेजारणीकडे. इतर कामगारांचेही तेच. आणि मी? मला भंगारात काढले असते तरी मी मुकाट्याने गेले असते. पण चुगला मी शोभेची वाटले. मला चौकात आणले, माझे पोट रिकामे केले आणि त्यात दारू भरली. वर माझ्या कपाळावरची ‘विस्लाउ’ ही पाटी तशीच पेटती ठेवली. का, तर पाहुण्यांना गंमत वाटते.

त्या गमतीचा मला सर्वांत जास्त संताप येई. रोज कोणीतरी दमलाभागला माणूस लांबून पाटी बघून धावत येई, स्की बाहेरच्या कप्प्यात नीट लावी आणि ओले हातमोजे मांडीवर घेऊन बस सुटायची वाट बघत बसे. मग सगळे त्याला हसत. मी खोटे बोलत नव्हते हो! माझ्या तोंडून खोटे वदवले जात होते. सेराफिन निवृत्त झाला होता, पण संध्याकाळी येऊन आपल्या जुन्या जागेवर रसाचा पेला घेऊन बसे. तोच त्या माणसाला हळूच सांगे की बाबा, ही जात नाही.

एका शनिवारी चुगची आई त्याला भेटायला आली. लोइसी आजी. विस्लाउत एकटी राहते, अजूनही गाई सांभाळते. पाळण्यातून वर आली, पिशवीत लेकासाठी घरचे चीज होते. लेकाकडे बड्या पाहुण्यांची मेजवानी. जरा थांब, आलोच, असे म्हणत त्याने तिला बाहेरच्या कोचावर बसवून ठेवले, आणि तेवढ्यात पाळणे थांबले. कोणाच्या लक्षातही आले नाही. आजी उठली, चौकात आली, माझी पाटी तिने वाचली आणि ती आत चढली. सेराफिनच्या मागे एकच सीट उरली होती. तिच्यावर बसून तिने पर्स मांडीवर ठेवली.

लोक हसू लागले. बाटल्यांमागच्या पोरीने तिला समजावले, पण आजी जागची हलेना. सेराफिनही या वेळी नुसता रस पीत राहिला. शेवटी कोणीतरी चुगला बोलावून आणले. तो समारंभाचा कोट घालून, लाल डोळ्यांनी आत आला.

“आई, उठ. ही बस जात नाही.”

“पाटीवर विस्लाउ लिहिलंय की.”

“ते नुसतं गमतीला. बस बंद झाली ना.”

“बंद पडली?”

“पडली नाही. बंद केली.”

“कोणी?”

चुगने माझ्या छताकडे पाहिले, बाटल्यांकडे पाहिले. मग म्हणाला की वर चांगली खोली देतो, आज इथेच झोप.

आजी म्हणाली, “पहाटे गाईंची धार कोण काढणार? तू?”

तो स्वतः गाडी चालवण्याच्या अवस्थेत नव्हता. त्याने टॅक्सीवाल्यांना फोन लावले, पण शनिवारी संध्याकाळी सरपंचासाठीही टॅक्सी रिकामी नसते. तेव्हा सेराफिनने पेला खाली ठेवला आणि हात पुढे केला. “किल्ली दे, हार्टल. तुझ्या मोठ्या गाडीची.”

आजी दारात थांबली. हॉटेलच्या मागच्या दाराशी रेझी, आचारी आणि भांडी घासणारी पोरे काम आटोपून हा प्रकार बघत उभी होती. आजी म्हणाली, “गाडी खालीच चाललीय. त्यांना पण घ्या.” सगळे कोंबून बसले. आईला धरायला म्हणून चुगही चढला, पण त्याला जागा मिळाली पार मागे, कोणाची तरी पिशवी मांडीवर घेऊन. रेझीने पुढे सांगितले की उतरताना दगड आला तेव्हा सेराफिन पूर्वीसारखाच म्हणाला, “हजार मीटर. चुगसाहेब, आता तुम्ही पुन्हा साहेब.” त्या रात्री रेझी आपल्या मुलीशेजारी झोपली.

मित्रांनो, मला वाटले, आता माझी चाके येणार. मी नाही तर नाही, निदान एखादी नवी बस येणार. सकाळी खरोखरच चुगचा माणूस शिडी घेऊन आला. माझा जीव ओंडक्यांवरच धडधडू लागला. तो माणूस वर चढला, त्याने माझी पाटी उचकटली आणि काखेत मारून निघून गेला. पाटीमुळे लोकांचा गैरसमज होतो, असे साहेबांचे म्हणणे होते.

गैरसमज! एका म्हातारीने एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर देण्याऐवजी यांनी दिवा काढून नेला. माणसे घरी कशी जातील हा विचार नाही. ती कुठे अडकली आहेत ते दिसू नये, एवढीच काळजी.

पण आई त्याचीच आहे. पुढच्या शनिवारी ती पुन्हा वर आली. पाटी नव्हती, तरी चढली आणि त्याच सीटवर बसली. पाटी नसली म्हणून काय झालं, बस तर आहे, असे तिने बाटल्यांमागच्या पोरीला सुनावले. तेव्हापासून दर शनिवारी ती येते. रेझी येऊन तिच्या पायाशी बसते, आचारी येतो, पाळणा चुकलेले पाहुणेही आता स्की कप्प्यात लावून तिच्याभोवती उभे राहतात. पिणाऱ्यांना सरकावे लागते. आणि आईला घरी धाडायचे म्हणून चुगला गाडी काढावीच लागते. आठवड्यातून एक दिवस माणसे घरी जातात. उरलेल्या दिवशी तळघरातल्या खाटा भरतात.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. मी ते सांगणार नाही. मला रंग देऊ नका, हार घालू नका, माझ्यासोबत फोटोही काढू नका. माझी काळजी नकोच मला. माझ्यात बसून घरी जाणारी माणसे अजून आहेत, त्यांची काळजी घ्या. तुमच्या गावातली एखादी संध्याकाळची गाडी कोणी बंद करू लागले, तर आजीसारखे आत जाऊन बसा आणि विचारा, कोणी?

आज शनिवार आहे. पाळणे आत्ताच थांबले. चौकात अकॉर्डियन सुरू झाले आहे, आणि ती बघा, आजी माझी पायरी चढते आहे. बसली. पर्स मांडीवर ठेवली.

हार्टल चुग, किल्ली घेऊन ये.