चौसष्ट बिल्ले

पाचवा पट्टा तुटला तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तपासणीच्या खोलीत मी एकटीच होते. हे मुद्दाम सांगतेय. तो तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकून सहावा पट्टा यंत्राला लावला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मनात आलंच नाही असं म्हणणार नाही. आलं, चांगलं दोन मिनिटं घोळलं, आणि मग माझी मलाच इतकी लाज वाटली की तो तुटका पट्टा घेऊन मी तडक दादांच्या खोलीत गेले.

आमच्या कारखान्यात सुरक्षेचे पट्टे शिवतात. उंच इमारतींना बाहेरून काचा बसवणारी, रंग देणारी माणसं कमरेला आणि खांद्यांना जे बांधतात, ते. दादा मालक, माझे थोरले दीर. शिवणखातं आणि खरेदी त्यांच्या धाकट्या भावाकडे. त्यांना सगळा कारखाना 'धाकटे' म्हणतो, आणि ते माझे यजमान. मी तपासनीस. सोळा वर्षं या घराच्या मालातले दोष काढतेय, म्हणून दादा मला मास्तरीणबाई म्हणतात. घरातल्या माणसांचे दोष काढायला मात्र मला पगार नाही, ते मी हौसेनं करते.

नियम साधा आहे. मालातले कुठलेही पाच पट्टे यंत्रावर ताणायचे. काटा लाल रेघेपर्यंत जायला हवा, तरच मी मालाच्या कागदावर शिक्का मारते. त्याआधी एकही तुटला तर सगळा माल थांबवायचा. त्या दिवशीचा माल सहाशे चाळीस पट्ट्यांचा होता, दहा-दहाचे चौसष्ट गठ्ठे. पाच वाजता गाडी सुटायची होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माणसं ते पट्टे बांधून बत्तीस मजली इमारतीवर चढणार होती.

धाकटे आधीच दादांच्या खोलीत बसले होते. माझ्या हातातला तुकडा बघून म्हणाले, "बाकीचे चार टिकले ना? मग झालं. यंत्राचा जबडा घासला असेल."

"जबडा सकाळीच तपासलाय. पट्टा कापलेला नाही, शिवण उसवली आहे. दोरा तुटलाय, अहो. तुम्ही मंगळवारी आणलेला."

नेहमीच्या व्यापाऱ्याकडून दोरा यायला उशीर झाला, म्हणून मंगळवारी त्यांनी दुसरीकडून रिळं आणली होती. पहिले अठरा गठ्ठे जुन्या दोऱ्याचे, एकोणिसाव्यापासून पुढचे सगळे नव्या. तुटलेला पट्टा चाळिसाव्या गठ्ठ्यातला होता.

दादांनी तुकडा दिव्याखाली धरला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "अजून एक ताणून बघ," ते म्हणाले.

मी जाऊन सहावा पट्टा ताणला आणि परत आले. "टिकला."

"बघ!" धाकटे उसळले. "म्हणजे सहातले पाच टिकले."

"म्हणजे सहातला एक माणूस खाली."

गेल्या महिन्यात याच गिऱ्हाइकानं आमच्याकडे नीतीचे धडे द्यायला एक गुरुजी पाठवले होते. धंद्यात अडचण आली की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे, असं त्यांनी सांगितलं. जास्तीत जास्त लोकांचं भलं कशात आहे? सगळेच असं वागले तर चालेल का? आणि असं वागणारा माणूस व्हायला मला आवडेल का? जाताना तिन्ही प्रश्नांचा तक्ता पाण्याच्या पिंपाशेजारी चिकटवून गेले. महिनाभर त्या तक्त्याचा उपयोग ओले हात पुसण्यापलीकडे कुणी केला नव्हता. त्या दिवशी मात्र धाकट्यांना तो पाठ निघाला.

"इथं एक्केचाळीस माणसं काम करतात," ते म्हणाले. "आज माल नाही गेला तर गिऱ्हाईक गेलं, आणि मग त्यातली निम्मी घरी बसणार. गुरुजींचा पहिला प्रश्न काय होता? जास्तीत जास्त लोकांचं भलं!"

"मग वर चढणाऱ्यांना मोजलंत का? की ती माणसं आपल्या हजेरीपटावर नाहीत म्हणून सुटली? आणि दुसरा प्रश्नही होता. प्रत्येक तपासनिसानं एकेक तुटका पट्टा असा पोटात घातला, तर शिक्क्याला विचारतंय कोण?"

"तुला बोलायला काय जातंय! दोरा मी आणला, जीव माझा टांगणीला लागलाय."

"टांगणीला दुसऱ्यांचे लागणार आहेत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो मला खाली आणता येत नव्हता.

"पुरे," दादा म्हणाले. "मला शिकलेल्यांचं काही कळत नाही. त्या तक्त्यावरचा तिसरा प्रश्न तेवढा कळतो. मी उडी मारतो."

प्रत्येक माल निघण्याआधीची ही पद्धत आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेली. मागच्या अंगणात दीड पुरुष उंचीचा लाकडी मंच आहे, त्याच्यावर लोखंडी तुळई. प्रत्येक गठ्ठ्याच्या नंबराचा एकेक पितळी बिल्ला कापडी पिशवीत घालायचा, मालकानं न बघता एक काढायचा. त्या गठ्ठ्यातला वरचा पट्टा अंगावर चढवायचा, त्याची दोरी तुळईला बांधायची आणि सगळ्यांच्या देखत उडी मारायची. ज्याच्या नावाची पाटी दारावर, उडी त्याची, असं सासरे म्हणायचे. दादांनी वीस वर्षं मारली. गेल्या वर्षी त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, आणि मणक्याला पुन्हा दणका बसला तर पाय गेले समजा, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून आम्ही बिल्ला काढून वाळूचं पोतं सोडत होतो.

धाकटे उभेच राहिले. "दादा, वेड लागलंय का तुला? पोतं सोडू की."

"पोत्याला काय भीती?"

"पण दादा, तुमचा एक पट्टा टिकला म्हणून बाकीचे टिकतात असं थोडंच आहे," मी म्हणाले.

"जे दुसऱ्याला बांधायला देतो ते मी स्वतः बांधलं, एवढं तरी म्हणता येईल."

"तुम्ही सगळं माहीत असून बांधाल. त्यांना कुणी सांगितलंय?"

दादा तुकडा टेबलावर ठेवून म्हणाले, "मास्तरीणबाई, टिकला तर शिक्का मारशील?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण एक्केचाळीस जणांतल्या प्रत्येकाच्या मुलाबाळांचं नाव मला माहीत होतं, आणि समोर माझा नवरा घामानं भिजला होता. मी म्हणाले, "बघू." सोळा वर्षांत त्या यंत्रापुढे मी कधी 'बघू' म्हटलं नव्हतं.

चार वाजता यंत्रं थांबली आणि सगळे अंगणात जमले. गाडी लवकरच येऊन लागली होती, आणि धाकट्यांनी शिक्क्याची वाट न बघता हमालांकडून गठ्ठे चढवूनही घेतले होते. ड्रायव्हर टपावर बसून तमाशा बघत होता. बिल्ल्यांची पिशवी माझ्या खोलीच्या दाराशी खिळ्याला असते, ती नेहमी मी आणते. त्या दिवशी मी दादांची दोरी तपासत होते, म्हणून धाकट्यांनी आणली. त्यांनी ती दोन्ही हातांनी हलवली. बिल्ले खळखळले. मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

दादांनी मान वळवून हात घातला. "अकरा."

अकरावा गठ्ठा गाडीतून उतरवला, वरचा पट्टा काढला. मी तो दादांच्या अंगावर चढवला, बकलं ओढून बघितली. एक बकल दोनदा सोडून पुन्हा लावलं, आणि ते त्यांनी बघितलं. "अगं, लग्नाला उभा करतेयस की काय? आवळ नीट," म्हणाले. कुणी हसलं नाही. ते शिडी चढले, एकेका पायरीवर थांबत, कमरेला हात लावत. शिवणखात्यातल्या एका बाईनं डोळे मिटून घेतले. खाली वाळू होती, पण वर्षभर कुणी बदलली नव्हती, दगडासारखी बसली होती.

मी धाकट्यांकडे बघितलं. घरात कुणाला सुई टोचली तरी या माणसाला घाम फुटतो. दुपारी खोलीत तर शर्ट पिळण्याइतका भिजला होता. आता मात्र ते शांत उभे होते. सख्खा भाऊ वर उभा होता, आणि हे देवळात आरती संपायची वाट बघावी तसे.

दादांनी उडी मारली.

दोरी ताणली, तुळई कुरकुरली, आणि दादा हवेत लटकले. पट्टा टिकला होता. कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या वाजल्या, दोघातिघांनी धावत जाऊन त्यांना खाली घेतलं. दुखण्यानं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ते हसत होते. "मार शिक्का," म्हणाले.

शिक्का माझ्या हातात होता. कागद पुढे आला. आणि तेव्हा मला कळलं काय खटकलं ते. चौसष्ट पितळी बिल्ल्यांची पिशवी दोन हातांनी उचलावी लागते, तिचा आवाज घट्ट येतो. आजची नुसती खुळखुळली होती.

"अहो, पिशवी द्या जरा."

"राहू दे, मी टांगतो खिळ्याला."

"द्या."

त्यांनी दिली नाही, मी ओढून घेतली. गाडीशेजारच्या टेबलावर ओतली आणि मोजले. मोजायला वेळ लागला नाही. काढलेला अकरा धरून एक ते अठरा. जुन्या दोऱ्याचे गठ्ठे, तेवढेच.

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. दादा खुर्चीचा आधार घेत टेबलाशी आले. बिल्ल्यांवरून त्यांची नजर फिरली आणि भावावर थांबली. धाकट्यांच्या विजारीचा उजवा खिसा गुडघ्याकडे लोंबत होता.

"तुला माहीत होतं दोरा कच्चा आहे ते," दादा म्हणाले.

"नव्हतं. खरंच नव्हतं, दादा. रिळं जरा हलकी वाटली होती, एवढंच. चालून जाईल असं वाटलं होतं मला. शपथ घेतो."

"चालून जाणार होतं, तर मग हे कशाला?"

धाकट्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांसमोर मी त्यांना उघडं पाडलं होतं. त्यांचा राग मी सोसला असता, पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि माझं रडू फुटायच्या बेतात आलं.

"तू उडी मारणार होतास," ते दादांना म्हणाले.

दादांनी मान खाली घातली. ही माया लहानपणापासूनची, हे मला ठाऊक आहे. तापात रात्ररात्र उशाशी बसणारे हे भाऊ. त्या मायेपोटी धाकट्यांनी सहाशे चाळीसमधले एकशे ऐंशी भावासाठी निवडून ठेवले होते, आणि उरलेले गाडीत चढवले होते.

"उद्या आठला ते चढणार आहेत," दादा हळूच म्हणाले. "त्यांच्यासाठी पिशवी कोण निवडणार होतं रे?"

मी शिक्का पदराच्या टोकात गुंडाळला आणि कागद दादांना परत केला. 'बघू' म्हटल्यानं तोंड अजून कडू होतं.

"पहिल्या अठरा गठ्ठ्यांतले पाच पुन्हा ताण," दादा मला म्हणाले. "टिकले तर तेवढेच जातील. गिऱ्हाइकाला फोन मी करतो, आणि का ते खरं सांगतो. राहिलं तर राहिलं." मग ते भावाकडे वळले. "बाकीचे तू उतरव. एकेक."

धाकट्यांनी खिशात हात घातला. पहिला बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "एकोणीस." हमालांनी एकमेकांकडे बघितलं, मग एक जण गाडीत चढला आणि एकोणिसावा गठ्ठा खाली आला. "वीस." आकडे मागेपुढे निघत होते, पण नको तो परत खिशात टाकून ते ओळीनंच मांडत होते. माणसं आपापल्या यंत्रांकडे परतली नाहीत, तिथंच उभी राहून ऐकत राहिली. चाळीस म्हणताना ते अडखळले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "चाळीस." आत फोनवर दादा कुणाला तरी समजावत होते, मग नुसतेच ऐकून घेत होते.

चौसष्टावर धाकट्यांचा आवाज बसला. शेवटचा बिल्ला त्यांनी टेबलावर ठेवला आणि खिसा उलटा करून मला दाखवला.