डॉक्टरांची गाडी

सत्त्याण्णव साली आमच्या जितेंद्ररावांनी जुनी गाडी घेतली, ती मला न विचारता. तीस वर्षं मी फोर्टातल्या एका साहेबांची गाडी चालवली. गिअरच्या आवाजावरून दुखणं ओळखतो. पण ड्रायव्हर सासऱ्याला काय विचारायचं? जावयांनी ऑफिसातल्या हेडक्लार्कला विचारलं, ज्यानं जन्मभर फक्त बसमधलं लटकतं हँडल धरलं.

"एका डॉक्टरांची गाडी होती बाबा," पेढे देताना ते म्हणाले. विकायला काढलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरचीच असते. एवढे डॉक्टर खरंच असते तर मुंबईत कुणी आजारी पडलं नसतं.

पंधरा दिवसांत स्वारी त्यांच्या बेव्हर्ली पार्कमधल्या फ्लॅटवरून आमच्या खारी गावात माझ्या दारात. अडला हरी, आणि गाढव मी. तिसरा गिअर टाकला की आपोआप सुटतोय म्हणे. मी पोटभर हसलो असतो, पण माझ्या लेकीला, क्षितिजाला नववा महिना लागला होता आणि नाव बोरिवलीच्या हॉस्पिटलात घातलं होतं. कळा सुरू झाल्या की हायवेवरून तिला याच डब्यातून न्यायचं ठरलं होतं. त्या विचारानं माझी झोप गेली होती.

रविवारी सकाळी मी त्यांच्या बिल्डिंगखाली गाडीच्या पोटात शिरलो. जावई पँटला डाग पडू नये म्हणून चार हात लांब उभे. गिअरबॉक्सचा नट सैल करून थोडं ऑइल बोटावर घेतलं, चोळलं. त्यात लाकडाचा भुसा होता.

"जावईबापू, तुमचे डॉक्टर सुतारकामही करायचे वाटतं."

"म्हणजे?"

"दात झिजले की गिअरबॉक्स रडतो. भुसा घातला की महिनाभर गप्प बसतो. तेवढ्यात गिऱ्हाईक गाडी घेऊन घरी जातं."

"पण चालवून बघितली होती ना मी. आवाज अजिबात नव्हता."

"तेच तर सांगतोय."

खारीतल्या नऊ पोरांना मी फुकट गाडी शिकवली. त्यांतल्या कुणीही हे जुन्या गाड्यांच्या दुकानातच ओळखलं असतं, असं मी जावयांना ऐकवलंही. ते चष्मा पुसत बसले.

मग मी सीटवर बसून किल्ली अर्धी फिरवली. किल्ली फिरली की ऑइलचा लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवा. इथे लागलाच नाही. चोरानं बल्बही काढून घेतला, असं म्हणून मी त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काचेवर नख घासलं, तर काहीतरी सोलून हातात आलं. काळी मखमली टिकली. खाली दिवा लालभडक पेटलेला. इंजिन सुरू केलं तरी तो विझेना. म्हणजे इंजिनला ऑइल पोचतच नव्हतं. हायवेवर ते कुठेही जाम झालं असतं.

क्षितिजा चहा घेऊन खाली आली, तर तिच्या कपाळावर तशीच टिकली.

"हे तू लावलंस?"

"हो. तो दिवा सारखा डोळ्यांत यायचा. मला वाटलं, रेडिओचा असेल."

माझं डोकं सणकलं. "ड्रायव्हरच्या घरात वाढलीस तू. तुला एवढं कळू नये?"

तिनं कप बॉनेटवर ठेवला. आवाज चढवला नाही. "रविवारी तुम्ही पोरांना गाडी शिकवायचात, तेव्हा मी बादली घेऊन उभी असायची, बाबा. काच पुसून झाली की म्हणायचात, आता आत जा."

जावई पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते. सकाळपासून माझी दुकानदाराला, हेडक्लार्कला, जावयाला, सगळ्यांना नावं ठेवून झाली होती. आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि मला माझीच लाज वाटली.

दरवाजा उघडून मी खाली उतरलो. ड्रायव्हरची सीट तिच्या पोटाच्या बेतानं मागे सरकवली.

"बस," मी म्हटलं. "किल्ली तू फिरव. दिवा कधी लागतो, कधी विझायला हवा, ते सांगतो."

जितेंद्ररावांना म्हटलं, "तुम्हीही या इकडे. आणि हॉस्पिटलला जायला आजच टॅक्सी सांगून ठेवा."