डाव्या पायाची पाती

मी एक जुनी पाती आहे. चाकूची नव्हे, गवताची तर नव्हेच. बर्फावर हॉकी खेळणाऱ्यांच्या बुटाखाली उभी पोलादी पट्टी असते ना, ती मी. त्यातही डाव्या बुटाची. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हिचा जन्म पायाखाली गेला, हिला काय दिसलं असणार? खरं आहे. चेहरे मी फार कमी पाहिले. पण वजन मी ओळखते. माणूस घाबरला की टाचेवर बसतो, खुशीत असला की चवड्यावर येतो, आणि काही लपवत असला की या पायावरून त्या पायावर हलत राहतो. पायाखाली राहणाऱ्याला एवढं कळतंच.

एका कारखान्यात मला आणि माझ्या बहिणीला एकाच पत्र्यातून, एकाच सकाळी कापलं. तापवलं, थंड केलं, घासलं. ती उजवी झाली आणि मी डावी. हे कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, याचं मला अजून कुतूहल आहे, कारण आमच्यात तसूभर फरक नव्हता. मग धार लावायच्या चाकाने आमच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरली. पन्हळीला दोन काठ, म्हणजे दोन धारा: एक आतली, एक बाहेरची. माणूस ज्या बाजूला झुकतो त्या बाजूची धार बर्फात रुतते आणि त्याला धरून ठेवते. लोकांना वाटतं आम्ही तळाला सपाट असतो. चाकाखाली जाईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

आम्ही ज्यांच्या पायाखाली आलो त्या बाईंना आज सगळे आत्या म्हणतात. तेव्हा त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. दिवसा पोस्टात पत्रं निवडायच्या आणि संध्याकाळी खेळायच्या. खेळ संपला की बाकीच्या पाण्याच्या बाटल्यांकडे धावत. आत्या आधी आम्हाला जुन्या टॉवेलने कोरडं करायच्या आणि मग स्वतःचा घाम पुसायच्या. जमिनीवर चालताना आम्हाला कडक प्लास्टिकचं म्यान घालायच्या आणि पिशवीत ठेवताना कापडाचं. ओल्या पातीला प्लास्टिकमध्ये कोंडलं तर आठवड्यात गंज चढतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या मैत्रिणी हसायच्या. "अगं, पाळण्यात घाल त्यांना," म्हणायच्या.

धार लावायला आम्ही काकूंकडे जायचो. मैदानाच्या पायऱ्यांखाली, पूर्वी जिथे तिकिटं मिळायची त्या खोलीत काकूंचं चाक होतं. बूट उलटा धरल्याशिवाय धार लावता येत नाही, त्यामुळे छत, दिवा, माणसांची नाकं हे सगळं मला तिथेच दिसलं. काकू माझ्या काठावर अंगठ्याचं नख हलकेच ओढायच्या. नखाचा पांढरा भुगा पडला तर ठीक, नाहीतर पुन्हा चाक. ठिणग्या उडताना मला गंमत वाटायची. त्या ठिणग्या म्हणजे मीच आहे, हे फार उशिरा लक्षात आलं. धार कुठून बाहेरून आणून लावत नाहीत, मित्रांनो. ती आपल्याच अंगातून काढतात.

मग आत्यांची ती अंतिम लढत आली. शेवटच्या मिनिटाला त्या माझ्यावर भार टाकून डावीकडे अशा वळल्या की समोरचा गोलरक्षक उजवीकडेच बघत राहिला. गोल झाला. पुढच्याच वर्षी त्यांचा गुडघा गेला आणि आम्ही कपाटात गेलो. तिथे सात वर्षं काढली. कपाटाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

बाहेर आलो ते भाचीसाठी. ही भाची लहानपणापासून एका जागी बसत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आत्यांचे बूट तिच्या पायात चपखल बसले. भिंगरीचं वजन सतत चवड्यावर असायचं. मला ती फार आवडली. पण एका दुपारी बस सुटेल या घाईत ती म्यान न घालताच सिमेंटच्या पायऱ्यांवरून धावली. माझी बहीण एका कोपऱ्यावर आपटली आणि तिच्यात बारीक चीर गेली. पुढच्याच सामन्यात तिचे दोन तुकडे झाले.

काकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. आत्या म्हणाल्या, "त्यात काय, मी करते." बुटातली गादी उचलली, खालचे नट सोडवले, बहिणीचे तुकडे काढून नवी उजवी बसवली.

"आणि डावी?" भिंगरीने विचारलं.

"डावीला काय धाड भरलीये? बघ कशी चकचकतेय. हिच्यावर मी फायनल मारलीये."

मी फुशारले. खोटं कशाला सांगू?

त्यानंतर भिंगरी पडायला लागली. उजवीकडे वळताना नाही, नेमकी डावीकडे वळताना. तीनदा, चारदा, मग रोजच. मला काही कळेना. माझ्यावर गंज नव्हता. आत्या रोज दगडाने धार करत होत्या, तीही होती. मी बर्फाला दोष देऊन पाहिला, मग नव्या उजवीला. ती बिचारी गप्प होती, आणि नव्या माणसाची उलटतपासणी तरी किती घ्यायची? एक मात्र मला जाणवत होतं. भिंगरी खोल झुकली की कसलातरी खरखर आवाज यायचा आणि पुढच्याच क्षणी माझी बाहेरची धार हवेत असायची. तो आवाज माझा नव्हता.

आत्या कठड्यापाशी उभ्या राहून ओरडायच्या, "गुडघा वाकव गं. याच बुटांवर मी दहा वर्षं खेळले."

"मग तूच खेळ ना," भिंगरी एकदा म्हणाली.

बुधवारी प्रशिक्षक तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आपला गोल सांभाळायला मागे तू असतेस. तूच पडलीस तर मागे गोलरक्षकाशिवाय कोणी नाही. शनिवारी सकाळी डावीकडे गोल फेऱ्या मारून दाखव. जमलं तर संघात, नाहीतर या वर्षी बाकावर."

भिंगरीचं सगळं वजन टाचांवर आलं. कपडे बदलायच्या खोलीत बूट सोडता सोडता ती म्हणाली, "आत्या, मला हे जमत नाही बहुतेक. मी सोडते."

आत्यांनी आम्हाला टॉवेलने पुसून पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकू परतल्याचं कळलं, तशा त्या भिंगरीला आणि आम्हाला घेऊन पायऱ्यांखालच्या खोलीत गेल्या. "जरा चांगली धार लाव. पोरगी सारखी घसरतेय."

काकूंनी नख ओढलं. भुगा पडला. "धारेला तर काही झालेलं नाही," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी दोन्ही बूट टेबलावर शेजारी शेजारी उभे धरले आणि टाचांवर पाणसळ आडवी ठेवली. ही गवंड्यांकडे असते, काचेत बुडबुडा असलेली. बुडबुडा उजवीकडे पळाला आणि तिथेच बसला.

"उजवी बदलली कोणी?"

"मी," आत्या म्हणाल्या.

"आणि ही डावी? हिला मी इतकी वर्षं घासतेय, निम्मी उरलीये. पोरीचा एक पाय पायरीवर आणि एक खड्ड्यात. झुकली की पाती धरणारं बुटाचं प्लास्टिक बर्फावर घासतं आणि धार वर उचलली जाते. मग पडेल नाहीतर काय, उडेल?"

खरखर कोणाची होती ते मला कळलं. इतके दिवस मी सगळीकडे शोधलं, फक्त स्वतःला मोजलं नव्हतं.

"मग उजवी घासून हिच्याएवढी कर," आत्या हळूच म्हणाल्या.

"नव्या नवरीला सासूच्या वयाची करू? आणि किती दिवसांसाठी? या डावीत आणखी चार धारांपुरतंही पोलाद नाही."

मित्रांनो, उजवीला घासावं असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "राहू दे, काकू. ती आत्याच्या गोलची आहे. मी बाकावर बसेन."

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मी टेबलावर होते, त्यामुळे या खेपेला मला चेहरा दिसत होता. "गोल झाला तो झाला," त्या म्हणाल्या. "तो काय परत न्यायला येतंय कोणी? तीन आठवडे मी हिला पडताना बघतेय आणि हिच्या गुडघ्याला नावं ठेवतेय. काकू, पाना दे इकडे."

माझा नट गंजला होता. आत्यांना दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. मी निघाले आणि माझ्या जागी उजवीच्याच घडणीची नवी डावी बसली. काकूंनी दोघींना एकाच चाकावर एका मापाने घासलं. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. जुन्या पोलादाच्या डब्याकडे काकूंनी मानेनेच खूण केली, पण आत्यांनी मला रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकलं.

शनिवारी सकाळी मी त्याच खिशात होते. दिसत काहीच नव्हतं. मी ऐकत होते. गेले तीन आठवडे भिंगरीच्या पावलांचा आवाज एक लांब, एक आखूड असा यायचा. आज दोन्ही सारखे येत होते. डावीकडची एक फेरी झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. आत्यांनी खिशात हात घालून मला घट्ट धरलं. सातव्या फेरीला प्रशिक्षकांचा आवाज आला, "पुरे. उद्या सामन्याला जायची गाडी अकराला निघते. उशीर करू नकोस."

आत्यांच्या तळव्यावर माझे दोन बारीक वळ उठले होते. धार होती अजून.

मित्रांनो, पात्या कोरड्या ठेवा, सिमेंटवर म्यान घाला, बदलायची वेळ आली की जोडीनं बदला. हे काकू तुम्हाला सांगतीलच. मी एवढंच मागते की तुमच्या शेजारी कोणी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर त्याच्या गुडघ्याला नावं ठेवण्याआधी खाली वाका आणि त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा.